निरोपाची किल्ली आताच का बदलायची?

आटपाडी-खानापूर भागातली कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायामुळे देशभर पांगली आहेत. परराज्यातल्या दुकानातून गावाकडे हिशेब, सातबाऱ्याचे फोटो, दवाखान्याचे रिपोर्ट मोबाइलवरूनच येतात-जातात. व्हॉट्सॲपवर २०१६पासून असे निरोप फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उलगडतात.

त्यासाठी दोन्ही फोन आपसांत एक गुप्त किल्ली ठरवतात. त्यामागचं गणित आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण पुरेसा मोठा क्वांटम संगणक ते सोडवू शकेल, हे गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं.

तेवढा मोठा संगणक अजून बनलेला नाही. मग घाई कशाला? कारण कुलूपबंद निरोप आज साठवून ठेवायचे आणि यंत्र हाती आलं की उघडायचे, हे शक्य आहे. जमिनीचा व्यवहार किंवा आजारपण वीस वर्षांनीही खासगीच राहायला हवं.

म्हणून ‘सिग्नल’ या निरोपांच्या ॲपने सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या पद्धतीला, क्वांटम संगणकालाही अवघड जाईल अशा ‘कायबर’ या नव्या पद्धतीची जोड दिली. दोन्ही मिळून एक किल्ली बनते. ती मिळवायला दोन्ही गणितं फोडावी लागतात. ॲपलने २०२४ मध्ये आपल्या आयमेसेज या निरोपसेवेसाठी हीच वाट धरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेने कायबरवर आधारित मानक जाहीर केलं.

नव्या किल्लीने जुने, आधीच साठवले गेलेले निरोप सुरक्षित होत नाहीत. म्हणूनच ॲपचं अपडेट लांबणीवर टाकू नका. फोनचा पिन आणि ओटीपीही जपा. ते दुसऱ्याच्या हाती गेले, तर कुठलंच गणित उपयोगी पडणार नाही.