मुलांना वाऱ्यावर सोडू नका, वाऱ्याशी ओळख करून द्या



संक्रांत जवळ आली, की घरोघरी तीळ निवडायला बसतात. भोगीच्या भाजीसाठी पावटा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे ओले घाटे रानातून घरात येतात. बाजरीच्या भाकरीला तीळ लागतात. आणि या सगळ्या गडबडीत घरातली मुले कुठे असतात? ती असतात धाब्यावर, नाही तर पडीक रानात. मान वर, डोळे आभाळात. हाक मारली तर ऐकू जात नाही, जेवायला बोलावले तर पाय निघत नाही. आपण वैतागून म्हणतो, "पोराला पतंगाचे वेड लागले!"

पीक, खत आणि पाणी यांविषयी आपण बाराही महिने बोलतो. आज या वेडाविषयी चार शब्द बोलू या. कारण नीट पाहिले, तर पतंगाच्या एका दोरीत मुलांना वाढवण्याची निम्मी विद्या सापडते. उरलेली निम्मी आपल्या हातात असते.

जिथे वारा, तिथे पतंग

नाशिक जिल्ह्यातले येवले पैठणीसाठी प्रसिद्ध आहे, तसेच ते पतंगासाठीही प्रसिद्ध आहे. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस तिथे सारे गाव गच्चीवर असते. हलकडी वाजत असते आणि दोरा गुंडाळायची आसारी हातातून हातात फिरत असते. याच आसारीला विदर्भात चक्री म्हणतात, मुंबईकडे फिरकी. नागपुरात संक्रांतीला 'ओ काट'चा गजर होतो. पश्चिम महाराष्ट्रात बारामती, फलटणकडे मात्र पतंगाचा भर नागपंचमीच्या सुमारास असतो. शेजारच्या गुजरातेत उत्तरायणाचा सण एवढा मोठा, की अहमदाबादेत १९८९ सालापासून देशोदेशींचे पतंगवाले जमू लागले.

सण वेगळे, महिने वेगळे. पण कारण एकच. त्या दिवसांत त्या भागात पतंगाला पेलेल असा वारा असतो. जुन्या माणसांनी पंचांगाबरोबर वाराही पाहिला होता.

न बोलणारा गुरुजी

विकतचा पतंग दहा मिनिटांत फाटतो आणि मूल दुसऱ्यासाठी हात पुढे करते. त्यापेक्षा त्याला एकदा घरी पतंग करू द्या. बांबूच्या दोन काड्या, एक उभी आणि एक कमानीसारखी वाकवलेली, पातळ कागद, आणि पिठाची खळ. एवढ्यावर भागते. मग पाहा काय होते ते. एका बाजूची काडी जाड राहिली, की पतंग त्या बाजूला कलतो. कणी बांधताना वरचा दोरा आणि खालचा दोरा यांचा मेळ बसला नाही, की पतंग गिरक्या घेतो. शेपूट लांब झाले तर उठत नाही, आखूड झाले तर ठरत नाही. मूल पतंग खाली घेते, काडी तासते, कणी सोडून पुन्हा बांधते. चुकले कुठे, हे त्याला कोणी रागावून सांगावे लागत नाही. वारा सांगतो आणि मूल ऐकते.

पतंग उडवणारे मूल आणखी एक गोष्ट शिकते. थंडीच्या दिवसांत पहाटे वारा पडलेला असतो. ऊन तापले, जमीन गरम झाली, की वारा उठतो. सांज झाली, की पुन्हा मंदावतो. फवारणी करताना आपल्याला नेमके हेच ज्ञान लागते. वाऱ्यात फवारले, तर औषध पिकावर पडण्याऐवजी शेजाऱ्याच्या रानात जाते. ज्वारीतल्या किंवा बांधावरच्या तणावर मारलेल्या २,४-डी तणनाशकाचे तुषार शेजारच्या कपाशीवर गेले, की तिची पाने भेंडीच्या पानासारखी कातरतात, हे अनेकांनी पाहिले असेल. फवारणीच्या कामाला मुलाला जवळ घ्यायचे नाही, हे तर झालेच. पण आदल्या दिवशी त्याला विचारायला काय हरकत आहे? "बाळा, आज वारा कुठून होता? किती वाजता उठला?" विचारून पाहा. तो बरोबर सांगेल, आणि आपले ज्ञान घराच्या कामी आले म्हणून त्याची छाती दोन बोटे फुगेल.

मुलांचे आभाळ

गावोगावच्या शाळांत जाणे होते, तेव्हा मुलांशी गप्पा होतात. एकदा संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात पाचवी-सहावीच्या मुलांना विचारले, "पतंगावर बसून वर जाता आले, तर काय बघाल?" एक म्हणाला, समुद्र. दुसरा म्हणाला, विमान आतून कसे असते ते. एक मुलगी खाली मान घालून म्हणाली, "कारखान्यावर आई-बाबांची कोपी कुठली ते बघीन." आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "धरणाचे पाणी आमच्या फाट्यापर्यंत का येत नाही, मधे कुठे अडते, ते बघीन."

वाचकहो, या उत्तरांवर थोडा विचार करा. आपण समजतो, मुलांना पतंग हवा तो कामातून सुटण्यासाठी. काही अंशी ते खरे आहे आणि त्यात गैर काही नाही. पण वर जाऊन मूल बघते काय? आपलेच घर, आपलेच रान, आपलेच आई-बाप. त्याला लांब जायचे असते आणि लांबून आपले सगळे नीट पाहायचेही असते. म्हणजे मोकळेपण आणि जबाबदारी मुलाच्या मनात एकाच दोरीला बांधलेली असतात. त्या दोन गोष्टी वेगळ्या करतो आपण मोठी माणसे.

बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांची संक्रांत फडावर होते. पतंग असतो प्लास्टिकच्या पिशवीचा आणि काखेत असते धाकटे भावंड. या मुलांना जबाबदारी कोणी शिकवावी लागत नाही. ती त्यांच्या वाट्याला वेळेआधीच आलेली असते. कमी पडते ते मोकळेपण. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने मान्य केला आहे. मुले गावात राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची सोयही राज्यात काढली गेली. तोडीला जाण्याआधी शाळेत त्याची चौकशी करा, आणि जे गावात मागे राहतात त्यांनी शेजारच्या पोराकडे लक्ष ठेवा. ज्याला ओझे पेलत नाही त्याच्या डोक्यावर ते देणे, याला जबाबदारी म्हणत नाहीत.

मुलींचेही तसेच. भाऊ पतंग उडवतो आणि बहीण मागे चक्री धरून उभी राहते. दोरा गुंतला तर बोलणी तिला, पतंग काटला तर शाबासकी त्याला. या संक्रांतीला तासाभराने हात बदला. चक्री भावाच्या हाती द्या आणि दोर बहिणीच्या. दोघांचेही भले होईल.

एका पोराची दोरी

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर नायगारा नदी आहे. तिच्या खोल दरीवर झुलता पूल बांधायचा ठरले, तेव्हा पहिला दोर पलीकडे न्यायचा कसा, असा प्रश्न इंजिनिअरांपुढे पडला. दरी सुमारे आठशे फूट रुंद, खाली खवळलेले पाणी. तेव्हा पतंगाची स्पर्धा लावण्यात आली. होमन वॉल्श नावाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने भाग घेतला. पहिल्यांदा त्याची दोरी तुटली. नदीत बर्फ साचल्याने होडी बंद पडली आणि तो काही दिवस पलीकडच्या काठावरच अडकून राहिला. परत आला, पतंग दुरुस्त केला आणि पुन्हा उडवला. १८४८ च्या जानेवारीत त्याची दोरी पलीकडे पोहोचली. त्या बारीक दोरीला जाड दोरी बांधली, तिला त्याहून जाड, मग तार. आणि त्याच वर्षी माणसे पुलावरून चालू लागली.

खेळ म्हणजे वेळ वाया घालवणे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही हकीकत घरी जरूर सांगावी. त्या मुलाने खेळ सोडून काम केले नाही; खेळच असा मन लावून केला, की त्याचे काम झाले.

घातकी दोरा

आता कडू पण गरजेचे बोलतो. सुती दोऱ्याची जागा गेल्या काही वर्षांत नायलॉनच्या मांज्याने घेतली. तो स्वस्त मिळतो, लवकर तुटत नाही आणि कुजत तर नाहीच. दुचाकीवरून जाणाऱ्या माणसाचा गळा त्याने चिरतो. दरवर्षी अशा बातम्या येतात आणि काही घरांत संक्रांत कायमची काळी होते. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. विकणे, साठवणे, विकत घेणे आणि वापरणे, सगळ्यालाच बंदी. तरी तो चोरून येतो, कारण चोरून घेणारे आहेत.

शेतकऱ्याने तर याचा दुहेरी विचार करावा. याच दिवसांत हरभरा घाट्यात असतो. घाटेअळी वेचायला कोतवाल, साळुंकी, बगळे यावेत म्हणून आपण एकरी वीसेक पक्षीथांबे रोवतो. म्हणजे खाली पाखरांना आवतण द्यायचे आणि वर त्यांच्या पंखांसाठी फास टांगायचा! उंदरांचा फडशा पाडणारे गव्हाणी घुबड रात्री उडते. बाभळीत अडकलेला मांजा त्याला दिसत नाही. तुटून रानात पडलेला दोरा ज्वारीच्या धाटांत गुरफटतो आणि कडब्याबरोबर गव्हाणीत येतो. गाय-बैल चारा निवडून खात नाहीत, दोरा तसाच पोटात जातो. तो कुजत नाही, पचत नाही. पोटात त्याचा गोळा होतो. गुरांच्या खुराला तो आवळला, तर जखम चिघळते.

तेव्हा दुकानात मुलाबरोबर स्वतः जा. काच न लावलेला साधा सुती दोरा घ्या. "सगळ्यांकडे तोच मांजा आहे, माझा पतंग काटला जाईल," असे मूल रडून सांगेल. त्याला सांगा, "काटला जाऊ दे. आपण दुसरा करू." हरण्याची ही शिकवण फार स्वस्तात मिळते आहे.

सणाआधी घरात ठरवावे

मुलांना धाक घालण्यापेक्षा त्यांना सोबत घेऊन काही गोष्टी आधीच ठरवाव्यात.

१. जागा ठरवा. पतंग उडवणारा वर बघत मागे सरकतो. म्हणून बिनकठड्याची विहीर, शेततळे, रस्ता आणि कठडा नसलेले धाबे टाळा. विहिरीभोवती दहा पावलांवर चुन्याची रेघ मारा. ती रेघ मुलांनाच मारायला लावा. स्वतः मारलेली रेघ मूल सहसा ओलांडत नाही.

२. तारेपासून दूर राहा. विजेच्या तारेत किंवा रोहित्रावर अडकलेला पतंग म्हणजे गेलेला पतंग. काठीने, गळाने, दगड बांधलेल्या दोरीने तो काढू नये. ओल्या दोऱ्यातून आणि धातूची पूड लावलेल्या मांज्यातून वीज उतरते. लाइनमनला कळवावे.

३. वेळ पाळा. सकाळी लवकर आणि सायंकाळी पाखरे थव्याने जातात-येतात. त्या वेळी आभाळ त्यांचे असते.

४. लहानांमागे मोठे असावे. काटलेल्या पतंगामागे धावताना मुलाला गाडी दिसत नाही, खड्डाही दिसत नाही. आठ वर्षांखालच्या मुलाबरोबर घरातले जाणते कोणी तरी असावेच.

५. अपघात झालाच, तर गळ्याच्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. जखमी पाखराच्या अंगातला दोरा ओढू नका. कात्रीने मोकळे टोक कापा, पाखरू कापडात धरून छिद्रे पाडलेल्या खोक्यात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका. पशुवैद्याकडे किंवा वनरक्षकाकडे द्या.

६. करीच्या दिवशी रान झाडा. संक्रांतीचा दुसरा दिवस मुलांच्या ताब्यात द्या. झाडा-झुडपांतला, कुपाटीतला, पिकातला दोरा जो सर्वांत जास्त गोळा करील, त्याला वाटीभर जास्त तिळाचे लाडू. उंच झाडावरचा मात्र मोठ्यांनी काढावा. ज्याने आभाळ वापरले, त्यानेच रान स्वच्छ करावे, हा नियम एकदा अंगी बाणला, की पुढे पाण्याच्या पाळीतही तो मुलगा शेजाऱ्याचा विचार करील.

ढील आणि खेच

पतंग उडवणाऱ्याला दोनच गोष्टी येतात, ढील देणे आणि खेचणे. सारी कला आहे ती कोणती गोष्ट केव्हा करावी यात. नुसते खेचत राहिले, तर पतंग फाटतो. नुसती ढील दिली, तर तो लोळत कुणाच्या तरी बाभळीत जाऊन पडतो. पोरांचेही असेच आहे. काही घरांत दोर इतका आवळलेला, की मूल वर उठतच नाही. काही घरांत तो हातातून सुटलेलाच. मुलाला वाऱ्यावर सोडणे वेगळे आणि वाऱ्याशी त्याची ओळख करून देणे वेगळे. पहिल्याला काही करावे लागत नाही. दुसऱ्यासाठी एक दुपार काढून त्याच्या शेजारी उभे राहावे लागते.

एवढी एक दुपार या संक्रांतीला काढाच. हरभऱ्याचे पाणी एक दिवस मागे-पुढे झाले तर रान रुसत नाही. मुलांचे बालपण मात्र थांबून राहत नाही. बापाने कणी बांधून द्यावी, आईने खळ करून द्यावी, आजोबांनी त्यांच्या काळच्या वावडीची गोष्ट सांगावी. पतंग वर ठरला, की दोर मुलाच्या हाती द्यावा आणि आपण एक पाऊल मागे सरकावे. पाठीमागे विहीर नाही ना, एवढे पाहूनच!

तिळगूळ घ्या, गोड बोला.