सातव्या पानावरची जागा

26 मे 2004, बुधवार. सोलापुरातल्या एका दैनिकाची रात्रपाळी.

दुपारी 4.30. विदेश पान लावणारे उपसंपादक सायकल भिंतीला टेकवतात. सगळे त्यांना काका म्हणतात. पगार साडेपाच हजार. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी. पंखा आहे, पण गरम हवाच फिरवतो.

6.15. एजन्सीच्या बातम्यांत एक वेगळी येते. काका चष्मा पुसून पुन्हा वाचतात. इराककडे संहारक अस्त्रं असल्याच्या आपल्या काही बातम्या नीट पारखल्या नव्हत्या, असं 'न्यू यॉर्क टाइम्स'ने आज मान्य केलंय. इराक अण्वस्त्रांसाठी अॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवू पाहतोय, ही बातमी सप्टेंबर 2002मध्ये पहिल्या पानावर होती. कबुली दहाव्या पानावर.

8.00. मीटिंग. पहिलं पान उजनी धरणाच्या पाण्याला. बरोबरच आहे. काकांची बातमी सातव्या पानावर, सिंगल कॉलम.

9.30. कटिंग चहा, दोन रुपये. महिनाभर इराकमधल्या अबू गरीब तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाचे फोटो छापून येताहेत. गेल्या बुधवारी बगदादमध्ये त्याबद्दल एका अमेरिकी सैनिकाला वर्षाची कैद झाली. ते व्हायलाच हवं होतं. पण अस्त्रांचं जे कारण सांगून सैन्य तिथे नेलं, त्या कारणाचा फोटो निघत नाही. त्याचा खटला कोण चालवणार? मला हा प्रश्न फोटोइतकाच जळजळीत वाटतो.

10.40. जाहिरात विभागातून पोरगा धावत येतो. साडीच्या दुकानाची जाहिरात, दोन कॉलम, दहा सेंटिमीटर. पान आधीच भरलेलं. ऑपरेटर पेजमेकरवर माउस फिरवतो.

"काका, कबुलीची बातमी आठ ओळींत बसवू?"

"नको."

"मग कैद्यांचा फोटो लहान करतो."

"त्यालाही हात लावू नको. त्या माणसांचं काय केलं ते दिसलंच पाहिजे. हॉलिवूडच्या लग्नाची बातमी काढ."

नटीचा फोटो जातो. कबुलीला बावीस ओळी मिळतात. नळ्यांचा परिच्छेद शाबूत राहतो. काका प्रूफ पट्टीने ओळीओळीने तपासतात. एक काना सुटलेला असतो, तो लाल पेनाने लावतात.

12.50. ट्रेसिंग खाली जातं. प्लेट होते. मशीन सुरू झालं की जमीन थरथरते. सुरुवातीच्या प्रती फिक्या निघतात. मशीनमन शाई वाढवतो, खराब प्रती रद्दीत टाकतो. कागद महाग, म्हणून हात भरभर चालतो.

1.40. अक्कलकोट, बार्शीचे गठ्ठे सुतळीने बांधून जीपमध्ये चढतात. काका एक प्रत उघडून सातवं पान बघतात. मग ऑपरेटरला सांगतात, "सकाळी साहेब आले की सांग, रविवारी मला अर्धं पान हवंय. अस्त्रांचे दावे कोणी केले, कोणी छापले, सगळं तारीखवार लिहितो."