पाटावरचा कायदा

कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा, असे एकोणिसाव्या शतकात इंग्रज विधिज्ञ जॉन ऑस्टिन सांगून गेला. विसाव्या शतकात फ्रीडरिख हायेकने त्याच्या उलट बाजू मांडली. विधिमंडळे नव्हती तेव्हाही कायदा होता, माणसे एकमेकांशी वागता वागता नियम रुळले आणि राज्यकर्त्यांनी ते नंतर लिहून काढले, असे त्याचे म्हणणे. या वादात कोणाची बाजू घ्यायची हे ठरवण्याआधी धुळे-नाशिककडची फड बागायत पाहावी.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वीपासून लहान बंधारे घालून पाट काढलेले आहेत. पाटाखालच्या जमिनीचे बहुधा तीन-चार भाग, म्हणजे फड, असतात आणि एका फडात एकच पीक घेतले जाते. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात ज्वारी-बाजरी, आणि पुढच्या वर्षी पिकांची पाळी फिरते. पाणी शेतकरी स्वतः फोडून घेत नाही. सगळ्यांनी मिळून नेमलेला पाटकरी ते देतो आणि वाद झाला तर पंच मिटवतात.

खरी मेख जमिनीच्या वाटणीत आहे. प्रत्येकाच्या पट्ट्या साधारण सगळ्या फडांत विखुरलेल्या असतात. नदीला पाणी कमी आले, की एखादा फड कोरडा ठेवावा लागतो. पण तो कोरडा ठेवा म्हणणाऱ्याचीही पट्टी त्यात असते. तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो, म्हणून निर्णय पाळला जातो. इतकी नेमकी न्यायबुद्धी एखाद्या सचिवालयातल्या मसुद्यात उतरली असती, असे मला वाटत नाही.

पण या नियमाचा अंमल पाटापुरताच. वरच्या अंगाला धरण झाले, नदीकाठी विहिरींवर पंप बसले, की पंचांचे काही चालत नाही. अनेक फड त्यामुळेच मोडकळीला आले. दोन गावांमधले, धरण आणि बंधारा यांच्यातले पाणी वाटायला सरकारच लागते.

आणि आपोआप घडलेला प्रत्येक नियम न्यायाचा असतो, असेही नाही. जातपंचायतींचे नियमही कोणत्या सरकारने केलेले नव्हते. आंतरजातीय लग्न केले म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकली गेली. त्या माणसांना गावातल्या गावात दाद मिळणे शक्यच नव्हते, कारण शिक्षा देणारे गावच होते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये कायदा मंजूर केला आणि तो 2017 पासून लागू झाला. इथे रूढीचा मान राखत बसणे म्हणजे अन्यायाला साथ देणे.

या दोन टोकांमधली वाट दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर दिसते. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने कालव्याच्या शेवटाकडच्या शेतकऱ्यांनी तिथे नव्वदच्या दशकात पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि आपसात वाटपाचे नियम बसवले. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापन करण्याचा राज्याचा कायदा त्यानंतर, 2005 मध्ये आला. त्यानुसार सरकारने संस्थेला पाणी मोजून द्यायचे आणि आतले वाटप शेतकऱ्यांनी करायचे. तुमच्या गावाच्या पाटावर अशी संस्था केवळ कागदावर असेल, तर पुढच्या सभेला जा आणि वाटपाचे नियम मागून घ्या.