टोमण्याने चांगदेव वळले नाहीत

मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे. ज्या योग्याच्या नावाने ते ओळखलं जातं त्याची गोष्ट इकडे पोराटोरांनाही पाठ असते. त्याने ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला. चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला, असं ज्ञानेश्वरांची बहीण मुक्ताई म्हणाली आणि त्याचा गर्व उतरला. (चौदाशे हा आकडा परंपरेचा, इतिहासाचा नव्हे.) तात्पर्य काय, तर टोमणा नेमका बसला की माणूस वळतो. हा पहिला गैरसमज.

मुळात कागद कोरा का राहिला? गाडी मायन्यावर अडली होती. ज्ञानेश्वर वयाने लहान, म्हणून 'चिरंजीव' लिहावं तर ज्ञानाने मोठे; 'तीर्थरूप' लिहावं तर स्वतःचं थोरपण सोडावं लागतं. मजकुराआधी नातं ठरवावं लागतं आणि तेच ठरेना. टोमण्याने ही अडचण चव्हाट्यावर आणली, सोडवली नाही. ती सोडवली ज्ञानेश्वरांच्या उत्तराने, म्हणजे 65 ओव्यांच्या चांगदेवपासष्टीने. त्यात ते या वयोवृद्ध योग्याला सरळ 'चांगया' म्हणतात. हा एकेरी शब्द अपमानाचा ठरत नाही, कारण सगळी पासष्टी सांगते की पाहणारा आणि पाहिलेलं मुळात एकच, मग तू-मी असा भेद कुठला? लहान कोण, मोठा कोण, या वादात कुणी जिंकत नाही. वादच उरत नाही. परंपरा सांगते की चांगदेव पुढे मुक्ताईचे शिष्य झाले. अवघड काम पासष्टीचं, पण श्रेय टोमण्याला मिळालं, कारण तो सांगायला सोपा.

सूचक बोलणं म्हणजे गोड बोलणं, हीही एक समजूत. ताटीच्या अभंगांत मुक्ताई रुसून दार लावून बसलेल्या भावाला, ज्ञानेश्वरांना, नुसती विनवत नाही. योगी कसा असतो, संत कुणाला म्हणावं, हे ती सांगत जाते. 'तुम्ही चुकलात' असं म्हणायची तिला गरज पडत नाही. लक्षणं भावाला मान्यच आहेत. ती स्वतःला लावून पाहायचं काम त्याच्यावर सोडलेलं आहे. स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहसा झिडकारत नाही. शब्द न सांगता जे सुचवतो त्याला काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वनी' म्हटलं होतं, तेव्हा हा शोध आजकालच्या जाहिरातवाल्यांचा नाही.

शब्दांना फारशी किंमत नाही, 93 टक्के संवाद आवाज आणि हावभावांतून होतो, हे तर भाषणकलेच्या शिबिरांतलं लाडकं वाक्य. हा आकडा ज्यांतून आला ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे 1967 चे प्रयोग सुट्या शब्दांवर आणि आवड-नावड कळण्यापुरते होते. 93 टक्के खरं असतं तर पासष्टी लिहून पाठवण्यात अर्थच नव्हता.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे: खोटं बोलल्याशिवाय फसवता येत नाही. 1974 मध्ये मानसशास्त्रज्ञ लॉफ्टस आणि पामर यांनी अपघातांच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात 'एकमेकींना धडकल्या' होतं तेव्हा सरासरी उत्तर ताशी 34 मैल आलं. 'एकमेकींवर आदळून चुराडा झाला' अशा अर्थाचं क्रियापद घातल्यावर सुमारे 41. चित्रफिती त्याच. खोटं कुणीच बोललं नव्हतं, क्रियापद तेवढं बदललं होतं.

आपल्याकडे हे केळीच्या बागेत पाहावं. घड तयार आहे, थांबायला सवड नाही आणि व्यापारी बांधावरून म्हणतो, "माल फार सुटलाय, उद्याचं काही सांगता येत नाही." आज याच भावात द्या, असं तो म्हणालेला नसतो. इंग्रज तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1967 च्या हार्वर्डमधल्या व्याख्यानांत अशा सुचवलेल्या अर्थाची खूण सांगितली: तो मागे घेता येतो. उद्या भाव चढला तर व्यापारी मोकळा, "मी कुठं म्हटलं होतं विका म्हणून?" त्यामुळे तिथेच विचारावं, "दादा, उद्या भाव पडणार असं तुम्ही म्हणताय का? किती, आणि कशावरून?"