बुधवारची गोळी

स्टीलच्या ताटलीत दोन गोळ्या शेजारी शेजारी पडल्या आहेत. दोन्ही पिवळसर, दोन्ही तुरीच्या दाण्याएवढ्या. चष्मा लावूनही सत्तरीतल्या आजींना त्या ओळखता येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या चाळिशीतल्या सुनेलाही येत नाहीत. एक आहे मेथोट्रेक्सेट, ऱ्हुमॅटॉइड संधिवातावरची, आठवड्यातून एकदाच घ्यायची. दुसरी फॉलिक अ‍ॅसिड. डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, "बुधवारी ही, बाकीचे सहा दिवस ती." आता यातल्या 'ही' आणि 'ती'ची अदलाबदल झाली तर सहा दिवस मेथोट्रेक्सेट पोटात जाणार आणि त्याचा त्रास कमी करणारी गोळी फक्त एकदा.

अशी अदलाबदल खरोखर होते. आठवड्याची गोळी रोज घेतल्यामुळे माणसं रुग्णालयात दाखल झाल्याच्या आणि दगावल्याच्या नोंदी ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियापासून भारतापर्यंतच्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. गोळी तीच, डॉक्टर योग्य, निदान योग्य. चुकतो तो फक्त वार.

याचं एक मूळ आपल्या चिठ्ठीच्या लिपीत आहे. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही समजतं. भाषा कुठलीही असो, गाव कुठलंही असो, तीन आकड्यांत काम होतं. इतकी सोपी आणि उपयोगी खूण क्वचितच सापडेल. पण तिच्यात दिवसाला तीन घरं आहेत आणि आठवड्याला एकही नाही. १-०-० लिहून शेजारी इंग्रजीत, घाईच्या अक्षरात 'आठवड्यातून एकदा' असं खरडलं, तर वाचणाऱ्याचा डोळा आधी ओळखीच्या आकड्यांवर जातो आणि तिथेच थांबतो. मेडिकलवाला पाकिटावर 'सकाळी १, जेवणानंतर' लिहितो. घरात तेच पाकीट प्रमाण ठरतं.

घरच्या औषधांबद्दल जे काही सांगितलं जातं ते बहुतेक विसरण्याच्या विरोधात असतं. गजर लावा, ॲप घ्या, सात कप्प्यांची डबी आणा. हल्ली तर वेळ झाली की बोलणाऱ्या डब्याही मिळतात आणि त्यांची जाहिरात अशी होते की जणू घरातला सगळा धोका विसरभोळेपणातच आहे. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत हे गणित उलटं आहे. ही चूक नेटक्या, शिस्तीच्या माणसाच्या हातून होते. रोज सकाळी रक्तदाबाची, थायरॉइडची, साखरेची गोळी न चुकता घेणारी आजी किंवा ती न चुकता देणारी सून यांच्या हाताला रोजची सवय असते. नवी गोळी त्या सवयीत आपोआप ओवली जाते. उलट मेथोट्रेक्सेटचा एखादा आठवडा चुकला तर फार बिघडत नाही. दोन दिवसांच्या आत आठवलं तर घ्यावी, नाहीतर सरळ पुढच्या ठरलेल्या वारी. दुप्पट मात्र कधीच नाही.

या दोन पिवळ्या गोळ्यांचं नातं जुनं आहे आणि त्याचा एक धागा थेट परळला पोचतो. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक घातक पंडुरोग दिसत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी होत, आणि ज्या उरत त्या नको तेवढ्या मोठ्या असत. विल्स यांनी परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू केलं. या बायकांच्या ताटात काय असतं आणि काय नसतं याची नोंद घेतली, तसाच निकस आहार आधी उंदरांना आणि मग माकडांना देऊन पाहिला. शेवटी गुण आला तो मार्माइटने! बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा तो काळा, खारट, स्वस्त अर्क. १९३१ साली हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. यीस्टमधल्या त्या अनोळखी द्रव्याला पुढे 'विल्स फॅक्टर' म्हटलं जाऊ लागलं. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड. विल्स फॅक्टर तो हाच. आज आपल्याकडे गरोदर बाईला पहिल्या तपासणीलाच जी गोळी मिळते, तिच्यामागे परळच्या गिरणी कामगार बायका आहेत. त्यांतल्या एकीचंही नाव इतिहासात राहिलेलं नाही.

पण पालकातून चिमूटभर द्रव्य मिळणं वेगळं आणि ते लाखो लोकांना पुरेल इतकं बनवणं वेगळं. ते काम ज्यांच्या हाताखाली झालं त्यांचं नाव यल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातलं भीमावरम. मॅट्रिक तिसऱ्या खेपेला सुटले. दोन भाऊ स्प्रू नावाच्या पचनाच्या रोगाने काही दिवसांच्या अंतराने गेले. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेताना खादी घालून शस्त्रक्रियेच्या खोलीत गेले म्हणून इंग्रज प्राध्यापकांची इतराजी ओढवली आणि पूर्ण पदवीऐवजी दुय्यम प्रमाणपत्र हाती आलं. १९२२ मध्ये ते बॉस्टनला पोचले. तिथे पोट भरण्यासाठी रुग्णालयात रात्रपाळीची हमाली केली. पुढे हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर रक्तातलं फॉस्फरस मोजण्याची जी पद्धत त्यांनी बसवली, ती जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी आजही दोघांच्या नावाने शिकतात. स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूच्या शोधातही दोघांचा वाटा होता. एवढं करूनही हार्वर्डने सुब्बारावांना कायम केलं नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे १९४५ मध्ये त्यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या बनवलं. स्प्रूवर त्याचा गुण येतो हेही लवकरच दिसलं. त्यांच्या भावांसाठी मात्र फार उशीर झाला होता.

इथून गोष्ट वळण घेते. बॉस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिड देऊन पाहिलं, तर रोग उलट भडकला. फॉलिक अ‍ॅसिड रोगाला पोसत असेल तर त्याची वाट अडवणारं काही मिळेल का? सुब्बारावांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिडसारखेच दिसणारे पण काम न करणारे रेणू बनवले आणि फार्बर यांच्याकडे पाठवले. त्यातलं एक अमिनॉप्टेरिन. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी प्रसिद्ध केलं की औषध दिलेल्या १६ मुलांपैकी १० जणांमध्ये, काही काळापुरती का होईना, सुधारणा दिसली. तोवर या रोगावर काहीच नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच गेले, वयाच्या ५३ व्या वर्षी. कर्करोगावरच्या औषधोपचारांचा इतिहास सांगताना फार्बर यांचं नाव पहिल्या वाक्यात येतं, आणि ते योग्यच आहे. सुब्बारावांचं नाव मात्र बहुतेकदा येतच नाही. अमिनॉप्टेरिनचं धाकटं, जरा सौम्य भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट.

ते काम कसं करतं हे समजायला एसटी स्टँडवर जावं. गाडी लागते, खिडकीतून कोणीतरी रुमाल टाकतं आणि सीट अडते. बसलेलं कोणीच नाही, पण खरा प्रवासी उभाच. पेशीतल्या एका एन्झाइमवर फॉलिक अ‍ॅसिडने बसायचं असतं. मेथोट्रेक्सेट तिथे रुमाल टाकतं, तोही सहजी न निघणारा. मग नवा डीएनए बनवायचा माल तयार होत नाही आणि ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांची पहिली अडचण होते. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच, पण अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर आणि तोंडाची आतली त्वचाही तशीच. संधिवातात मात्र औषधाची मात्रा फार कमी असते, आणि त्याचा गुण बहुतांशी दुसऱ्या वाटेने, अ‍ॅडेनोसिन या रेणूमार्फत, येतो असं मानलं जातं. म्हणून तर बरोबर फॉलिक अ‍ॅसिड दिलं तरी सांध्यांचा आराम टिकतो. पेशीत शिरलेल्या मेथोट्रेक्सेटला एक लांब शेपटी जोडली जाते, ते चटकन बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे आठवड्याला एक मात्रा पुरते. मधले सहा दिवस मज्जेला सावरायला मिळतात. रोजच्या गोळीने नेमके तेच सहा दिवस हिरावले जातात.

पहिली खूण बहुतेकदा तोंडात दिसते. तोंड येतं, गिळताना आग होते. मराठी घरात तोंड आलं की निदान तयार असतं: उष्णता! मग गुलकंद, जाईची पानं चघळणं, लोणकढं तूप, बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल. एरवी यात काही वावगं नाही. पण मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या माणसाचं तोंड आलं तर ती उष्णता समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा आणि गोळी थांबवावी. ताप, घसा दुखणं, अंगावर न लागता उठलेले काळेनिळे डाग, कोरडा खोकला, दम, डोळ्यांत पिवळेपणा, यांतलं काही दिसलं तरी तेच. यावर उतारा आहे. त्याचं नाव फोलिनिक अ‍ॅसिड. त्याला ती अडवलेली सीट लागतच नाही, ते आधीच पुढच्या थांब्यावर उभं असतं. पण तो उतारा रुग्णालयात मिळतो आणि जितका लवकर तितका उपयोगी.

परदेशांनी याबाबत माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबणं सोडलं आहे. अमेरिकेत औषधसुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा २०१४ पासून आग्रह आहे की रुग्णालयाच्या संगणकात या गोळीचं प्रमाण मुळातच 'साप्ताहिक' दिसावं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये सुचवलं की गोळ्या बाटलीत सुट्या न देता स्ट्रिपमध्येच द्याव्यात. ब्रिटनने २०२० मध्ये सांगितलं की वार रुग्णाशी बोलून ठरवावा आणि चिठ्ठीवर पूर्ण लिहावा. तिकडे एक बारीक सूचना अशीही दिली जाते की सोमवार टाळावा, कारण इंग्रजीत 'मंडे' आणि 'मॉर्निंग' घाईच्या अक्षरात सारखेच दिसतात.

मराठी घरात वाराला आधीच ओळख असते. कुणाकडे गुरुवारचा उपास, कुणाकडे शनिवारचा. ज्या घरात बुधवारी मासळी येते तिथे बुधवार कुणी विसरत नाही. गोळीचा वार असाच, घराने आधीच ओळखलेला असावा. पाकिटावर तो देवनागरीत ठळक लिहून घ्यावा, 'फक्त बुधवार' असा, आणि मेडिकलवाल्याकडून चार आठवड्यांच्याच गोळ्या घ्याव्यात. कात्रीने कापलेल्या स्ट्रिपचा जो तुकडा हाती येतो त्यावर कित्येकदा ना औषधाचं नाव उरतं ना मुदतीची तारीख. नाव असलेला भाग मागून घ्यायला संकोचू नये. दोन पिवळ्या गोळ्या एका डब्यात नकोत. फॉलिक अ‍ॅसिड रोजच्या डब्यात चालेल, मेथोट्रेक्सेटची जागा वेगळी, लहान मुलांचा हात न पोचणारी. ती गोळी तोडू नये, कुटू नये, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने ती हाताळूच नये.

आणखी दोन गोष्टी स्वयंपाकघराइतक्याच घरगुती आहेत. जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं, तर मूत्रपिंड औषध बाहेर टाकण्यात मागे पडतं. अशा आठवड्यात गोळी घेण्याआधी विचारावं. आणि परस्पर आणलेल्या औषधांना थोपवावं. आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना माहीत असतील तर ते रक्त तपासून सांभाळून घेतात. को-ट्रायमोक्साझोल हे जुनं, स्वस्त प्रतिजैविक मात्र फॉलिक अ‍ॅसिडचीच वाट अडवतं. त्याच सीटवर दुसरा रुमाल.

आठवड्याच्या औषधांची संख्या वाढतेच आहे. हाडांसाठी ७० मिलिग्रॅमची अ‍ॅलेंड्रोनेट, मधुमेहाची काही इंजेक्शनं, आणि सगळ्यांत ओळखीची ती ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी. 'जीवनसत्त्वच आहे, जास्त झालं तर काय होतंय' म्हणून ती रोज दुधात घालून प्यायलेल्या लोकांच्या रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतल्याची उदाहरणं भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा खाडा मांडायची पद्धत अजून कित्येक घरांत आहे. सिलिंडर लावल्याची तारीख, बाईंची सुट्टी, सगळं त्याच चौकटीत. औषधाची नोंद तिथेच बसते. पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधलेली. बुधवारी जेवण झाल्यावर गोळी घेतली की आजी स्वतः त्या चौकटीत 'मे' लिहितात. ड जीवनसत्त्वाची पुडी रविवारी, तिथे 'ड'. दिवाळीनंतर आजी दोन महिन्यांसाठी नागपूरला लेकीकडे निघतात तेव्हा सून पिशवीत पूर्ण स्ट्रिप टाकते आणि दिनदर्शिकेच्या पानाचा फोटो नणंदेला पाठवते. नणंदेचा लगेच फोन येतो: "वहिनी, या गुरुवारच्या चौकटीत काहीच कसं नाही?"