सावकाराच्या वाड्यावरचा पाऊस

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. येथे दिवसभर झड लागली की शेतकरी आभाळाला हात जोडतो आणि पेठेतील गिऱ्हाईक मंदावते. चातुर्मासात दूरचा प्रवास टाळणाऱ्या व्यापारी कुटुंबांना असा दिवस जवळचे काही पाहण्यासाठी मिळतो. फ्लॉरेन्सला भर पावसात छत्र्या उघडून मेदिची घराण्याचा प्रासाद पाहून आलेली आपली मंडळी आता थोडी नाहीत. १३९७ साली पेढी घालणाऱ्या त्या सराफांच्या हाती पुढे अवघी नगरी आली, ही कथा तेथील वाटाड्या रंगवून सांगतो. पेशवेपदापर्यंत हात पोहोचवू पाहणाऱ्या एका सावकाराचा वाडा बारामतीत कऱ्हेकाठी उभा आहे. तो पाहण्यासाठी मात्र कोणी छत्री उघडत नाही.

बाबूजी नाईक जोशी यांचा हा भुईकोट वाडा. पुढे त्यात सरकारी कचेऱ्या भरू लागल्या, त्यामुळे अनेकांनी त्याचे दार पाहिले ते हातात कागद घेऊनच. बाबूजींचे बंधू आबाजी हे पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई हिचे पती. नाते असे जवळचे, आणि व्यवहार त्याहून जवळचा, कारण मोहिमांसाठी सदैव कर्जात असलेले बाजीराव या नाईकांचेही ऋणको होते. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव निवर्तले, तेव्हा रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने बाबूजींनी स्वतःसाठीच पेशवाईची वस्त्रे मागितली आणि शाहू महाराजांना मोठ्या नजराण्याची तयारी दाखवली. महाराजांनी वस्त्रे दिली ती बाजीरावपुत्र नानासाहेबांना. मग नाईकांनी बापाच्या कर्जाची निकड मुलाला लावली. त्या पेचातून नानासाहेब सुटले ते दिवाण महादोबा पुरंदरे यांच्या पतीवर. पैसा नाईकांपाशी होता, पण बाजारात पुरंदऱ्यांचा शब्द चालला. फ्लॉरेन्स आणि बारामती यांच्या कथा येथे वेगळ्या होतात. पेढीवर बसणाऱ्याला हा प्रसंग लढायांच्या वर्णनांपेक्षा अधिक कळेल.

नाईकांचा पैसा सारा राजकारणातच गेला असे नव्हे. पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत त्यांच्याच आश्रयाने बारामतीत राहिले, नाईकांकडे पुराण सांगत राहिले, आणि १७९४ मध्ये येथेच त्यांचा देह पडला. ‘केकावली’चा कर्ता कवी सावकाराच्या आधाराने लिहिता राहिला, हेही त्या खतावणीत जमेच्या बाजूस मांडले पाहिजे. त्याआधी शके १६४० मध्ये श्रीधरस्वामींनी ‘शिवलीलामृत’ याच गावी पूर्ण केले.

पाऊस उघडीप देईल तेव्हा इंदापूरचा रस्ता धरावा. इंदापूर ही मालोजीराजे भोसल्यांच्या जहागिरीतील जागा. त्यांची गढी तेथे आहे. परंतु घरची मुले बरोबर असतील तर आधी जंक्शनला वळून वालचंदनगर गाठावे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या कोरड्या मुलखात आले नसते, तर कळंबच्या शिवारात ऊस दिसला नसता. सोलापूरच्या दिगंबर जैन दोशी घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी तेथे साखर कारखाना आणि त्याभोवती गाव वसवले. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली, तेव्हा वालचंद स्वतः तीवर होते. देश ५ एप्रिल हा सागरी दिवस म्हणून पाळतो तो त्यामुळे. मुलांना हे पाठ्यपुस्तकातून कळते. तो माणूस आपल्या शेजारच्या गावाच्या नावात आहे, हे सांगावे लागते.

नीरेपलीकडे माळशिरस तालुक्यातील दहिगाव आहे. तेथील महावीर मंदिरात दर्शन घ्यावे, आणि मराठीत रचना करणारे ब्रह्मचारी महतीसागर यांच्या समाधीपाशी थोडे थांबावे. पावसाळी आभाळात सूर्यास्ताचा अंदाज चुकतो, म्हणून शिदोरी घड्याळ पाहून वेळेतच सोडावी. नीरेला पाणी चढले असेल, तर परतीच्या पुलाची चौकशी निघण्यापूर्वी करावी.