होडीवरचं नाव टिकावं म्हणून



आजचा विषय ऐकायला छोटा वाटेल: होडीवरच्या नाव-नंबराची अक्षरं. चेन्नईच्या काशिमेडू बंदरात ट्रॉलर आणि फायबरच्या होड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. काहींची नावं दुरून वाचता येतात, तर काहींची अर्धी अक्षरं गळालेली असतात.

हा नुसत्या शोभेचा प्रश्न नाही. २००८ साली २६ नोव्हेंबरचे हल्लेखोर 'कुबेर' या आपल्याच मासेमारी नौकेचा ताबा घेऊन मुंबईजवळ पोहोचले. त्यानंतर होड्यांच्या नोंदणीकडे आणि नंबरांकडे जास्त काटेकोरपणे पाहिलं जाऊ लागलं. तामिळनाडूच्या होडीचा नंबर आयएनडी-टीएनने सुरू होतो, महाराष्ट्राचा आयएनडी-एमएचने. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या साठहून अधिक होड्या आपल्या देवगडला आसऱ्याला आल्या होत्या. अशा वेळी भाषा कळो न कळो, नंबर वाचता आला की होडी कुठली ते समजतं आणि घरी निरोप जाऊ शकतो.

आता मुद्द्याचं. दुकानात सगळ्याच स्टिकरला 'रेडियम' म्हणतात. पण विनाइलचे मुख्य प्रकार दोन: कॅलेंडर्ड आणि कास्ट. कॅलेंडर्ड विनाइल गरम रुळांमधून लाटून काढतात. त्यात ताण राहतो, म्हणून ऊन लागलं की ते आक्रसतं आणि कडा उचलतात. कास्ट विनाइल पातळ द्रावण पसरून, भट्टीत सुकवून बनवतात. ते साधारण ५० मायक्रॉनचं, मऊ असतं आणि होडीच्या गोलाईवर नीट बसतं. ते महाग पडतं, पण आयुष्यही जास्त असतं. मात्र कंपनी सांगते ती वर्षं बहुधा थंड देशांच्या हवामानातली असतात. चेन्नईच्या उन्हात आणि खाऱ्या हवेत त्यातून काही वर्षं वजा धरा.

दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: कास्ट आहे का, कोणत्या कंपनीचं आणि कोणत्या मालिकेचं आहे, आणि बाहेरच्या वापराला किती वर्षांचं आहे. रंग काळा किंवा पांढरा घ्या. लाल आणि पिवळा लवकर उडतात. उंचीचा ढोबळ हिशोब असा: एक इंच अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. साठ फुटांवरून वाचायचं असेल तर सहा इंच हवं. नोंदणी नंबराचं माप मात्र मत्स्य विभाग सांगेल तेच ठेवा.

नाव देवनागरीत असेल तर अजून दोन गोष्टी. संगणकात अक्षरं आणि शिरोरेषा एकत्र जोडूनच कापायला सांगा, नाहीतर प्रत्येक सांध्यावर चीर पडते आणि तिथूनच स्टिकर सुटतो. अनुस्वाराचा टिंब सगळ्यात आधी गळतो, म्हणून तो ठळक ठेवा. बारीक, नाजूक वळणाचा टाइप टाळा.

पृष्ठभाग चुकला तर महागडं विनाइलही वाया जातं. मेण, तेल, मीठ साबणाने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ताज्या रंगातून वाफ निघत असते, त्यावर घाईने लावलं तर फुगे येतात. रंग पूर्ण वाळू द्या. सकाळी, पत्रा किंवा फायबर तापायच्या आत, मधून कडेकडे दाबत लावा. निदान एक दिवस पाणी लागू देऊ नका. पाण्याच्या रेषेखाली आणि शेजारची होडी किंवा टायर घासतो तिथे लावू नका. धुताना जोराचा फवारा अक्षरांच्या कडेवर मारू नका.

लाकडी होडी असेल आणि दरवर्षी रंग द्यायची पद्धत असेल, तर विनाइल नकोच. सुटलेल्या रंगाबरोबर तेही सुटणार. तिथे ऑइल पेंट आणि चांगला पेंटरच बरा.

फौजेत गाडीचा नंबर पुसट झाला की तो आधी नीट करून घ्यायचा, मग गाडी बाहेर काढायची. कोळी बांधवांनीही दर हंगामाआधी जाळं तपासतात तसा नंबर तपासावा. किनाऱ्यावर उभं राहून वाचता आला, तरच समुद्रात वाचता येईल.

जय हिंद.